पिवळं दिसलं

वॉशिंग मशीनच्या दाराच्या रबरी कडेत एक पिवळा धागा अडकला होता. ओला. एडनानं तो नखानं ओढून काढला, बोटावर घेऊन खिडकीच्या उजेडात धरला... आणि मग तिच्या लक्षात आलं, की धागा ओला म्हणजे आतलं सगळंच ओलं, धुऊन पिळून तयार असलेलं, आणि आज तर नातीचं जहाज सुटायचंय.

तिनं दार उघडलं नाही. काचेतून दिसत होतं तेवढं पुरे होतं. नातीचा, कीलीचा, राखाडी शर्ट, ज्यावर काल रात्री जेवताना ग्रेव्ही सांडली होती, तिचे मोजे, आणि या सगळ्यांवर पसरून बसलेला तो पिवळा टॉवेल. "कुणी लावलं मशीन?" ती मोठ्यानं म्हणाली. घरात दुसरं कुणी नव्हतंच, त्यामुळे प्रश्न फिरून तिच्याकडेच आला.

जहाज सुटायच्या दिवशी घरात कपडे धुवायचे नाहीत. धुतले तर आपलं माणूस समुद्रात धुऊन जातं. हे एडनाला तिच्या सासूनं सांगितलं, सासूला तिच्या आईनं, आणि पोर्ट्समथच्या या गल्लीत निदान त्या काळी तरी ते कुणाला सांगावं लागत नसे. कुणी देव पाण्यात घालून बसतं, या गल्लीतल्या बायका कपडे कोरडे ठेवून बसायच्या. ज्या दिवशी मागच्या अंगणांतल्या साऱ्या दोऱ्या रिकाम्या दिसतील त्या दिवशी समजायचं, मोठं जहाज निघालं. वर्तमानपत्र उघडायची गरज नसे.

आणि आज ऐंशीव्या वर्षी, रेजिनाल्ड पर्किसची विधवा, नौदलाची बायको म्हणून सगळी हयात याच घरात काढलेली बाई, सकाळी उठून आपल्या हातानं मशीन लावते. लावलं असेल का मी? तिनं आठवून पाहिलं. कीली रात्री इथंच झोपली होती. पहाटे लॉरेन गाडी घेऊन आली — लॉरेन म्हणजे एडनाची मुलगी, कीलीची आई. मग पुढच्या दारात ते मिठ्या मारणं, ते 'नीट राहा गं' आणि 'तूच नीट राहा, नॅन', आणि गाडी कोपऱ्यावर वळली तशी ती वर जाऊन पडली. डोळा लागला. त्या गुंगीत कुठंतरी घूं घूं असा आवाज... तो शेजारच्या पोलिश जोडप्याकडचा वाटला होता. पण वर जायच्या आधी? स्वयंपाकघरात गेले होते का? चहाचा कप तर सिंकमध्ये पडलाय, म्हणजे गेलेच असणार. पुढचं काही आठवेना. तिथं नुसतं पांढरं होतं.

काळजात चर्र झालं ते एकदाच, पण दोन गोष्टींसाठी. एक कीलीसाठी. आणि एक... ते दुसरं तिनं लगेच पूर्ण होऊ दिलं नाही. तिनं किटली भरली, नळ बंद केला, बंद केलाय ना म्हणून परत हात लावून पाहिला. हिवाळ्यात एकदा हाच नळ चालू राहिला होता. सिंक भरून पाणी खाली, पाणी पुढच्या खोलीच्या गालिच्यापर्यंत, आणि नेमकी तेव्हाच लॉरेन दारात. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं बूट काढले, बादली घेतली आणि गुडघ्यांवर बसून सगळं पुसलं, आणि त्यानंतर तिच्या बोलण्यात ती खोली यायला लागली. साउथसीच्या वृद्धाश्रमातली, समुद्राकडे तोंड करून असलेली, बटण दाबलं की माणूस येतं अशी खोली. "जेल नाही गं ते, मम. छान आहे. बिंगो असतो." बिंगोचं नुसतं नाव निघालं तरी एडना कानांवर हात ठेवायची. आता तिथली एक खोली रिकामी झाली होती आणि या आठवड्यात हो-नाही कळवायचं होतं. एडनाचं उत्तर ठरलेलं होतं. या घरातून मी निघेन ती आडवी.

तिनं खुर्ची ओढली आणि मशीनसमोर बसली.

कीलीला तो टॉवेल हवा होता. पहाटे दारात, पाठीवर पिशवी टाकता टाकता म्हणाली होती, "नॅन, पिवळा आणशील ना?"

"तुला काय करायचंय पिवळ्याचं? डेकवर पुतळ्यासारखं उभं करतात तुम्हाला. मान कुठं वळवता येणार आहे?"

"मान नाही वळवता येत. पण डोळे कुठं बांधलेत?"

हे अगदी त्याचं. अगदी रेजचं. कीलीनं आजोबांचं कामही उचललं, डेकवरची विमानं इकडून तिकडे हलवण्याचं, आणि त्यांची खोडही. रस्त्यानं चालताना नजर सारखी जमिनीवर. विमान उडवायच्या आधी डेकवर सगळे जण एका ओळीत उभे राहतात आणि जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खाली बघत चालतात. एखादा स्क्रू, एखादा खडा, काहीही सापडलं की खिशात, कारण इंजिनानं तो गिळला तर विमान गेलं आणि माणूसही गेला. रेज निवृत्त झाल्यावरही तसाच चालायचा. लग्नाच्या वाढदिवसाला नवा कोट घालून हॉटेलात निघालेला माणूस वाटेत वाकून गटाराजवळचा नट उचलायचा. "अरे, इथं कुठलं विमान उतरणार आहे?" ती म्हणायची. "सांगता येत नाही," तो म्हणायचा, आणि खिसा वाजवायचा. काल रात्री कीलीनं बस स्टॉपवरून घरी येताना एक वॉशर उचलला आणि तो इथं खिडकीत ठेवून दिला. तो अजून तिथंच आहे. एडनाला वाटलं, आपणही तशीच नजर ठेवायला हवी होती, आजच्या दिवसावरून ओळीनं चालत जायला हवं होतं.

ब्याऐंशीचा एप्रिल आठवला... तो कधी आठवावा लागत नाही, तो असतोच. सोमवार होता. सोमवार म्हणजे सगळ्या इंग्लंडचा धुण्याचा वार, आणि त्या सोमवारी या गल्लीच्या मागच्या बाजूला पहिल्यापासून शेवटच्या घरापर्यंत एक रुमालसुद्धा नव्हता. हर्मीस निघाली होती, रेजचं विमानवाहू जहाज, त्याची म्हातारी, दक्षिणेकडे, लढाईला. आधीच म्हातारी, गंजाचे डाग पुसायलासुद्धा सवड मिळाली नव्हती, डेकवर विमानं आणि हेलिकॉप्टरं दाटीवाटीनं. तेरा वर्षांच्या लॉरेननं त्या सकाळी शाळेचा ब्लाउज जमिनीवर आपटला. शाईचा डाग पडला होता. "मला हा घालून जायची लाज वाटते. तुमच्या खुळचटपणापायी मी कशाला घाण राहू?" मायलेकी त्या डागासकट बंदराच्या तोंडाशी गोल बुरुजावर जाऊन उभ्या राहिल्या, आणि एडनानं पिवळा टॉवेल हलवला — लग्नात मावशीनं दिलेला, भडक, कुणाच्याही घरात शोभणार नाही असा पिवळा, पण राखाडी आभाळाखाली, राखाडी कोटांच्या गर्दीत लांबून ओळखू यावा तर असाच.

नियम खरा नव्हता, हे एडनाला तेव्हापासून ठाऊक आहे. पलीकडच्या घरात ग्लेनिस म्हणून एक नव्यानं आलेली बाई होती, लेस्टरकडची, समुद्र न पाहिलेली. तिनं त्याच सोमवारी बाळाचे लंगोट दोरीवर घातले. बायकांनी पडद्यांआडून पाहिलं. म्हातारी मिसेस हॉबडे शेवटी तिच्या अंगणात गेली आणि एकेक चिमटा काढून लंगोट खाली उतरवून आली. ग्लेनिसचा नवरा जूनमध्ये लढाई संपल्यावर सुखरूप आला, अंगानं भरून आला, वर लाल झालेलं नाक. आणि मिसेस हॉबडेचा मुलगा, तो दुसऱ्या जहाजावर होता... तिची दोरी तर आधीच्या शनिवारपासून रिकामी होती.

मग कशाला पाळायचं? एडनानं स्वतःला पुष्कळदा विचारलंय. पुरुषांना जहाजावर हजार कामं असतात. मागं राहिलेल्या बाईला त्या दिवशी करण्यासारखं एकही काम नसतं, आणि हे एक न करण्यासारखं तरी होतं. काहीतरी होतं, जे आपण चुकवलं नाही, असं रात्री स्वतःला सांगता यायचं. आज रात्री काय सांगायचं?

मन चिंती ते वैरी न चिंती. ती उठली आणि मशीनचं दार उघडलं. शर्ट आणि मोजे तसेच ठेवले, टॉवेल तेवढा काढला, पिळला, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला. बाहेर वाळत घालण्याची प्राज्ञा नव्हती. धुणं एक पाप, वाळत घालणं दुसरं. पोलिश जोडप्याच्या दोरीवर त्यांच्या चादरी खुशाल फडफडत होत्या. त्यांचं कुणी जहाजावर नव्हतं.

लॉरेन दुपारी आली तेव्हा एडना कोट घालून दारातच उभी होती, तिला आत येऊ द्यायचं नव्हतं म्हणून.

"जेवलीस का, मम?"

"जेवले."

"काय?"

"तू पोलिसात कधी लागलीस?"

लॉरेन हसली, पण डोळ्यांखाली काळं होतं. गाडीत एडनानं तिच्याकडे पाहिलं. छप्पन वर्षांची झाली, केस रंगवते, शाळेच्या ऑफिसात सगळ्यांवर ओरडते, आणि आज स्टिअरिंगवर तिची बोटं पांढरी झालेली. एडनाला सांगावंसं वाटलं, की सवय होते. पण ते खोटं होतं, म्हणून तिनं काचेतून बाहेर बघितलं. हर्मीस गेली तेव्हा या रस्त्यावर माणसांची रीघ लागली होती. बेकरीवाला दुकान तसंच सोडून आला होता, हात पिठाचे. ती जहाजं धूर काढायची, डांबर आणि तेल आणि कोबी यांचा वास लागून रेज घरी यायचा, आणि निळ्या पातळ कागदांची पत्रं आठवड्यांनी एकदम गठ्ठ्यानं यायची. पुढं हर्मीस हिंदुस्थानला विकली, तिकडं ती विराट झाली, पुन्हा तीस वर्षं जगली, म्हातारीच्या अंगात जीव फार. शेवटी गुजरातच्या किनाऱ्यावर तिला ओढून घेतलं आणि तोडली. टीव्हीवर तिचं चिखलात रुतलेलं पुढचं टोक दाखवलं तेव्हा रेजला जाऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती, आणि आपला माणूस आधी गेला याचं एडनाला आयुष्यात त्या एकदाच बरं वाटलं.

बुरुजाच्या पायऱ्या चढताना लॉरेननं तिचा दंड धरला. "हळू."

"हळूच चढतेय. पळत कुठं निघालेय?"

वर गर्दी होती, झेंडे होते, लहान पोरं खांद्यांवर, आणि प्रत्येकाच्या हातात फोन. वारा थेट तोंडावर. लॉरेननं कोपर मारत कठड्याशी जागा केली, मग पिशवीत हात घातला आणि टॉवेल बाहेर ओढला... आणि तशीच थांबली.

"मम, हा ओला आहे."

एडना काही बोलायच्या आत लॉरेनचा हात तोंडावर गेला.

"मी टाकला," ती म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला होता. "पहाटे. तुम्ही दोघी दारात होतात ना, तेव्हा. कपाटाचा वास मारत होता, आणि तिचा शर्ट तिथंच पडला होता, म्हटलं होऊन जाईल... मम, मी बटण दाबलं का गं? डोकं ठिकाणावर नव्हतं माझं. दाबलं असणार मी. हो ना?"

पहिल्यांदा एडनाला जे वाटलं ते सुख होतं. लाजच वाटावी असं सुख, थंडीत गरम पाण्याची बाटली पोटाशी घ्यावी तसं. मी नव्हते. माझं डोकं शाबूत आहे, ते पांढरं काही नव्हतंच, मी कप ठेवला आणि वर गेले, इतकंच. आता एवढंच म्हणायचं होतं — हो बाई, तूच दाबलंस, विसरलीस तू, तेव्हा ती खोली तुझ्यासाठीच बघ. वाक्य जिभेवर आलं होतं आणि त्याला चवही चांगली होती.

पण लॉरेन खाली पाण्याकडे बघत होती. बंदराच्या त्या अरुंद तोंडातून करडं पाणी ओढीनं बाहेर चाललं होतं आणि ती त्याच्याकडे असं बघत होती जसं एडनानं पूर्वी पाहिलं होतं, कितीतरी वेळा, याच कठड्यावरून. जिनं ब्लाउज आपटला होता ती हीच. ती आज रात्री झोपणार नाही, हे एडनाला स्वच्छ कळलं, आणि उद्याही नाही. पोरगी परत येईपर्यंत, प्रत्येक बातमीला, फोनच्या प्रत्येक रिंगला हिच्या पोटात गोळा येणार आणि त्या गोळ्याचं नाव असणार, मी मशीन लावलं.

आणि कुठून कोण जाणे, रेज आठवला. पंच्याहत्तरच्या हिवाळ्यातला. त्या वेळी जहाज सुटलं तेव्हा एडना तापानं फणफणली होती, बुरुजावर गेलीच नव्हती, टॉवेल कपाटात घडी घालून. हे त्याला कळवायला वेळच नव्हता. महिन्यांनी तो परत आला, दारात पिशवी टाकली, आणि नेहमी म्हणायचा तेच पहिलं वाक्य म्हणाला. "पिवळं दिसलं गं." तिनं त्याच्या कॉलरमध्ये तोंड खुपसलं, हसू दिसू नये म्हणून. नंतर ते हसू नव्हतंच. तिनं त्याला ते कधी सांगितलं नाही, पुढच्या चाळीसेक वर्षांत एकदाही नाही, आणि तो प्रत्येक वेळी येऊन म्हणत राहिला, पिवळं दिसलं.

"तू बटण दाबलं नव्हतंस," एडना म्हणाली.

लॉरेननं वळून पाहिलं.

"कपडे टाकून गेलीस फक्त. मळके तसेच पडले होते आत. टॉवेल मीच काढला, इथं आणायचा म्हणून."

"मग ओला कसा?"

एडनानं श्वास घेतला. घर डोळ्यांपुढं आलं, जिना, जिन्याच्या कठड्यावर रेजच्या हातानं गुळगुळीत झालेली जागा. "नळ चालू राहिला," ती म्हणाली. "सकाळी. पाणी खाली आलं. हाताशी हाच होता, यानंच पुसून घेतलं. पुसणं म्हणजे काही धुणं नव्हे."

लॉरेनच्या चेहऱ्यावरून एक गोष्ट उतरताना आणि दुसरी चढताना तिला दिसली. खांदे खाली आले, डोळे मिटले, ओठ काहीतरी पुटपुटले, आणि मग ते डोळे उघडले ते डॉक्टरसारखे.

"परत नळ?"

"परत."

"मला सांगणार नव्हतीस."

"सांगितलं ना आता."

"मम..." लॉरेननं तिच्या कोटाची कॉलर नीट केली, जी नीटच होती. "त्या खोलीचं आता बघायला लागेल गं. या आठवड्यात."

"बघू," एडना म्हणाली. यापूर्वी ती कधीच 'बघू' म्हणाली नव्हती, आणि हे दोघींनाही कळलं. टॉवेलला साबणाचा वास येत होता. तिनं तो लॉरेनच्या हातातून काढून घेतला आणि वाऱ्याच्या त्या बाजूला धरला. शर्ट आणि मोजे अजून मशीनमध्येच होते. घरी गेल्यावर आधी तिथं पोचायला हवं, हिला म्हणावं तू बस, चहा मी करते.

तेवढ्यात गर्दी गप्प झाली. ते आलं. घरांच्या छपरांवरून आधी त्याचे मनोरे दिसले, एक सोडून दोन, मग ते सगळंच, करडं, स्वच्छ, अवाढव्य, आवाज न करता, गल्लीच निघाली चालायला असं वाटावं. हर्मीस यात दोनदा मावली असती. धूर नाही, गंज नाही. एडनाला आजवर ते कधी आवडलं नव्हतं. जहाज कसलं, दवाखाना आहे, असं ती कीलीला तोंडावर म्हणायची. पण डेकच्या कडेला माणसांची ओळ तीच होती. पाठीमागं हात, ताठ माना, सगळे सारखे. त्यातली एक आपली.

"कुठाय? कुठाय ती?" लॉरेन म्हणत होती. "डाव्या बाजूला म्हणाली होती, विमानांच्या पुढं... मम, ती का? ती?"

"तीच," एडना म्हणाली. तिला इतक्या लांबचे चेहरे दिसत नव्हते.

तिनं टॉवेल वर धरला. ओल्यानं जड झाला होता, नीट फडकेना, मनगटं दुखायला लागली. लॉरेननं एक टोक धरलं. मग वाऱ्यानं आतून पोट भरलं त्याचं आणि तो उघडला, पूर्ण, भडक, आणि दोघी मायलेकी तो ताणून उभ्या राहिल्या. हलवायची गरजच उरली नाही. जहाज अगदी जवळून, कुणीही मान न वळवता, पुढं सरकत राहिलं.

किती वेळ गेला कोण जाणे. बोटांखालचं कापड हळूहळू हलकं होत होतं, आधी कडा, मग मधला भाग. वाळतंय की, एडनाच्या मनात आलं. जहाज सुटायच्या दिवशी आपण चक्क भर बुरुजावर धुणं वाळत घालून उभ्या आहोत, साऱ्या पोर्ट्समथच्या देखत, आणि आपणच दोरीचे खांब. मिसेस हॉबडे असती तर चिमटे काढायला आली असती. हसू आलं, डोळ्यांत पाणीही आलं, आणि भीती होती तिथंच होती. पण ती आता एकटीची राहिली होती, आणि एकटीची भीती तिला वागवता येत होती, तिचा हात त्यावर बसलेला होता. रात्री काय सांगायचं हा प्रश्न उरला नव्हता. रात्री लॉरेन झोपेल.

"दिसलं असेल का गं तिला?" लॉरेननं विचारलं. जहाज आता बाहेरच्या पाण्यावर होतं आणि लोक पायऱ्यांकडे वळले होते.

"फोन करेल ना," एडना म्हणाली. "आल्या आल्या तेच सांगेल. दिसलं, म्हणेल."

तिनं आपलं टोक सोडलं नाही. लॉरेननंही नाही.